आधी प्रवास, मग हिशोब

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या गेटवर प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो. पिवळ्या गोल रीडरला कार्ड, फोन किंवा मनगटावरचं घड्याळ टेकवायचं आणि अर्ध्या सेकंदाच्या आत समोरच्या झडपा उघडायला हव्यात. ही अट शहराच्या बस आणि रेल्वे पाहणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ने, म्हणजे टीएफएलने, बँकांना आणि कार्ड कंपन्यांना घातली होती. दुकानात कार्डाच्या मशीनला दोन-तीन सेकंद लागले तर कोणाचं काही अडत नाही. किंग्ज क्रॉसला सकाळी साडेआठ वाजता तेवढा वेळ लागला, तर रांग सरकत्या जिन्यापर्यंत मागे जाते, आणि जिना तर माणसं आणून सोडतच असतो. दादरच्या पुलावर ऑफिसच्या वेळेला अडकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्या अर्ध्या सेकंदात यंत्र काय विचारतं आणि काय विचारत नाही, यात शहराच्या वाहतुकीबद्दलचा एक मोठा निर्णय दडलेला आहे. मनगटाने पैसे भरण्याचा विषय निघाला की आपलं बोलणं घड्याळाभोवतीच फिरतं. कुठल्या कंपनीचं, केवढ्याला पडलं, बॅटरी किती चालते. घड्याळाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते पुढे येईलच. पण लंडनमध्ये राहून मुंबईत परतल्यावर मला जे तळमळीने सांगावंसं वाटतं, ते गेटच्या पलीकडे चालणाऱ्या हिशोबाबद्दल आहे. तो हिशोब आपल्याकडे आला, तर ज्याच्या मनगटावर कधीच स्मार्टवॉच येणार नाही, त्याचा फायदा सगळ्यात जास्त होईल.

लंडनमध्ये २००३ साली ऑयस्टर कार्ड आलं. निळं, प्लॅस्टिकचं, आत चिप. आधी पैसे भरायचे, मग कार्ड टेकवत फिरायचं. लोकांना ते इतकं आवडलं की शहराची ओळखच झालं. पण अशी कोट्यवधी कार्डं सांभाळणं महागाचं काम असतं. कार्ड छापा, विका, त्यात पैसे भरायला मशीन लावा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कमिशन द्या, हरवलेल्या कार्डांतली शिल्लक परत करा. प्रवाशांकडून जे भाडं येतं, त्यातला डोळ्यांत भरेल इतका भाग ते भाडं गोळा करण्यातच खर्च होत होता. त्या काळात टीएफएलमध्ये प्रवासी सेवेची जबाबदारी शशी वर्मा यांच्याकडे होती. बँकेच्या कार्डानेच थेट प्रवास करू देण्याच्या योजनेमागे प्रामुख्याने त्यांचं नाव घेतलं जातं. मुद्दा सरळ होता. माणसाच्या खिशात बँकेचं कार्ड आहे, त्यावर तो दूध-पाव घेतो, मग प्रवासासाठी शहराने वेगळी पुंजी का सांभाळायला लावायची?

ब्रिटनमध्ये टेकवून पैसे देण्याची सोय २००७ च्या सप्टेंबरात बार्कलेकार्डने आणली, तेव्हा मर्यादा होती दहा पौंड. लंडनच्या बसमध्ये बँकेचं कार्ड चालू लागलं डिसेंबर २०१२ मध्ये. ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणं बंद झालं, आणि १६ सप्टेंबर २०१४ पासून भुयारी रेल्वे आणि शहरातल्या इतर गाड्यांची गेटंही बँकेच्या कार्डाला उघडू लागली. ही व्यवस्था इतकी नीट बसली की २०१६ साली क्युबिक या अमेरिकी कंपनीने ती इतर शहरांत वापरण्याचा परवाना टीएफएलकडून दीड कोटी पौंडांपर्यंतच्या करारावर घेतला. सरकारी वाहतूक संस्थेने स्वतःच्या घरात घडवलेली गोष्ट खाजगी कंपनीने विकत घ्यावी, हे क्वचितच घडतं.

आता त्या अर्ध्या सेकंदाकडे वळू. समजा, पुण्याहून आलेल्या पाहुण्याने हीथ्रोला उतरून आयुष्यात पहिल्यांदाच आपलं कार्ड गेटला टेकवलं. अर्ध्या सेकंदात त्याच्या बँकेला विचारून उत्तर येणं शक्य नाही. म्हणून गेट बँकेला विचारतच नाही. ते फक्त दोन गोष्टी पाहतं. कार्डाची चिप खरी आहे का, हे तिच्यातल्या गुप्तलिपीवरून जागच्या जागी तपासतं. आणि ज्यांची थकबाकी आहे अशा कार्डांच्या यादीत हे कार्ड नाही ना, एवढं बघतं. झालं, झडप उघडते. खात्यात पैसे आहेत की नाहीत, कुठे जाणार, किती भाडं होणार, काहीही ठाऊक नसताना माणूस आत जातो. बँकेकडे विचारणा मागाहून होते. बँकेने नकार दिला तर कार्ड त्या यादीत जातं आणि पुढच्या वेळी गेट उघडत नाही; थकलेलं भाडं भरलं की नाव यादीतून निघतं. पहिल्या फेरीचे पैसे बुडण्याचा धोका टीएफएल आणि बँका मिळून उचलतात.

वाण्याच्या दुकानात पूर्वी घराघराचं खातं असायचं, तसं हे खातं आहे. दिवसभर माल न्या, रात्री वहीत बेरीज. फरक इतकाच की या वाण्याने तुम्हाला आधी कधी पाहिलेलंही नसतं. टीएफएलचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ वाजून २९ मिनिटांनी संपतो. तो संपला की दिवसभरात कुठे कुठे टेकवलं ते सगळं एकत्र जुळवलं जातं, फेऱ्या लावल्या जातात आणि बँकेकडून एकच रक्कम घेतली जाते.

आणि ही रक्कम लावताना जे होतं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. फेऱ्यांची बेरीज एका ठरावीक आकड्यावर गेली की तिथेच थांबते. २०२५ च्या दराने बसची एक फेरी १.७५ पौंडांची होती आणि दिवसाची कमाल ५.२५ पौंड. म्हणजे तीन फेऱ्यांचे पैसे झाले की उरलेल्या दिवसभर बस फुकट. शिवाय पहिल्या बसमध्ये टेकवल्यापासून तासाभरात दुसरी पकडली तर तिचं भाडं लागत नाही. ही सवलत २०१६ च्या सप्टेंबरात आली आणि २०१८ च्या जानेवारीपासून त्या तासात कितीही बसेस धरता येऊ लागल्या. भुयारी रेल्वेच्या पहिल्या दोन झोनमध्ये २०२५ साली दिवसाची कमाल ८.९० पौंड होती. सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही आहे. प्रवाशाने काही निवडायचं नाही, कुठला पास परवडेल याचं गणित मांडायचं नाही, महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे उभे करायचे नाहीत. जे त्याला स्वस्त पडतं, तेच रात्री यंत्र लावतं.

ज्याच्या हातात एकदम पैसे येत नाहीत, तो नेहमी सुट्टं विकत घेतो आणि सुट्टं नेहमी महाग पडतं. तेल, साखर, शाम्पू आणि प्रवास, सगळीकडे हेच. लंडनच्या या हिशोबाने निदान प्रवासापुरता तो अन्याय काढून टाकला, आणि तोही कुठला दाखला किंवा अर्ज न मागता.

घड्याळ या गोष्टीत जरा उशिरा आलं. ॲपलचं घड्याळ २०१५ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलं आणि ॲपल पे ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १४ जुलैला सुरू झालं. लोकांनी उत्साहाने मनगट पुढे केलं, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. गेटचा पिवळा रीडर उजव्या हाताला असतो आणि बहुतेक माणसं घड्याळ डाव्या मनगटावर बांधतात. त्यामुळे डावा हात छातीवरून आडवा नेऊन, मनगट पालथं करून, घड्याळाची तबकडी रीडरवर उतरवावी लागते. खांद्याला पिशवी, हातात छत्री असली की ही कसरतच होते. नेहमीचे प्रवासी गेट यायच्या आधीच खांदा वळवायला लागतात. काहींनी घड्याळ उजव्या हातावर घेतलं. हिवाळ्यात जाड कोटाची बाही मध्ये आली तरी चालतं, कारण रेडिओ लहरी कापडातून जातात. फक्त अंतर चार सेंटिमीटरच्या आत लागतं.

घड्याळात तुमच्या कार्डाचा खरा नंबर नसतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कार्ड घड्याळात घालताना बँक आणि कार्ड कंपनी त्याच्याऐवजी दुसराच एक नंबर तयार करतात. तो घड्याळातल्या वेगळ्या, बंदिस्त चिपमध्ये राहतो. दर वेळी टेकवताना चिप त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक शिक्का तयार करते. तो शिक्का कोणी मधल्या मध्ये टिपला तरी दुसऱ्या व्यवहाराला चालत नाही. दुकानदाराकडे किंवा गेटकडे खरा नंबर कधी जातच नाही. आणि घड्याळाला पाठीमागच्या प्रकाशाच्या सेन्सरवरून कळतं की ते कातडीला लागून आहे. सकाळी हातावर बांधलं, आकडी पासकोड टाकला की काढेपर्यंत ते उघडं राहतं. मनगटावरून निघालं की कुलूप लागतं. ज्यांच्या मनगटावर गडद गोंदण आहे, त्यांच्या बाबतीत हा सेन्सर गोंधळतो, ही तक्रार पहिल्याच वर्षी पुढे आली होती.

याच वेगळ्या नंबरामुळे पाहुण्यांची एक चूक पुन्हा पुन्हा होते. लेकीकडे किंवा मुलाकडे आलेले आई-बाबा एका स्टेशनवर घड्याळ टेकवून आत जातात आणि उतरल्यावर हाताला कार्ड लागलं म्हणून तेच टेकवतात. खातं एकच, बँक एकच, म्हणून त्यांना वाटतं एकच. गेटच्या लेखी मात्र हे दोन वेगळे प्रवासी असतात. एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा बाहेर आला तो आत कधी गेला ठाऊक नाही. दोघांनाही कमाल भाडं लागतं. फोन आणि घड्याळ यांच्यातही हाच फरक आहे, दोघांचे नंबर वेगळे. म्हणून तिथल्या मराठी घरांत नव्या पाहुण्याला दाराबाहेर पडताना बजावतात, “बाबा, एकच काहीतरी ठरवा. घड्याळ तर दिवसभर घड्याळच.” काही जंक्शनांवर, उदाहरणार्थ हायबरी अँड इझलिंग्टनला, गुलाबी रंगाचे रीडर असतात. मध्य लंडन टाळून बाहेरच्या बाजूने प्रवास केलात हे सिद्ध व्हावं म्हणून ते असतात, तिथे टेकवलं तर भाडं कमी लागतं. तिथेही तेच घड्याळ टेकवायला हवं.

बॅटरीचा विचार करावाच लागतो. घड्याळ वाटेत मिटलं तर बाहेर पडताना टेकवता येत नाही, आणि टीसी आला तर त्याच्या यंत्राला दाखवायला काही उरत नाही. त्या क्षणी तुम्ही विनातिकीट असता. जुन्या सवयीची माणसं म्हणूनच पाकिटात साधं कार्ड ठेवतात, मात्र प्रवास अर्धा झाल्यावर ते बाहेर काढत नाहीत.

मराठी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण नव्या घड्याळाच्या हौसेत ती निसटते. तरुणांच्या रेलकार्डाची गर्दी नसलेल्या वेळची सवलत ऑयस्टरला जोडता येते. बँकेच्या कार्डाला किंवा घड्याळाला ती लागत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या ऑयस्टर फोटोकार्डावर पासात तीस टक्के सूट मिळते. घड्याळ सगळ्यांना एकाच मोठ्या माणसाच्या दराने मोजतं. हौस पुरवायची असेल तर ती दुकानात पुरवावी.

दुकानात घड्याळाची खरी गंमत आहे. साध्या कार्डावर टेकवून देण्याची मर्यादा ब्रिटनमध्ये हळूहळू वाढली. २०१५ मध्ये ती तीस पौंड झाली, महासाथीच्या सुरुवातीला एप्रिल २०२० मध्ये पंचेचाळीस, आणि १५ ऑक्टोबर २०२१ पासून शंभर. मध्येच कधीतरी पिन मागितला जातो. घड्याळाने मात्र सकाळीच मालकाची खात्री करून घेतलेली असते, त्यामुळे त्याला ही मर्यादा लागू होत नाही, दुकानाच्या मशीनची काही वेगळी मर्यादा असेल तर तेवढीच. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मेथीच्या जुड्या आणि आंब्याच्या पेट्या घेताना पिशव्यांनी भरलेला हात नुसता पुढे करायचा. लंडनमध्ये सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार इतके झाले आहेत की फुटपाथवर फोन बाहेर न काढणं हा शहाणपणा मानला जातो. अशा शहरात मनगटाला बांधलेलं, काढताक्षणी कुलूपबंद होणारं यंत्र सोयीचं वाटणारच.

सोयीची किंमत असते आणि ती मोजायला हवी. गेटवर पासकोड किंवा बटण न दाबता नुसतं टेकवण्याची पद्धत ॲपलने टीएफएलसाठी २०१९ च्या शेवटी आणली. २०२१ मध्ये बर्मिंगहॅम आणि सरे विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही सोय चालू असलेल्या आयफोनमध्ये व्हिसाचं कार्ड असेल, तर गेटने पाठवायचा संकेत नकली यंत्रातून पाठवून, कुलूप न उघडता हजार पौंडांचा व्यवहार करून घेता येतो. व्हिसाचं म्हणणं असं होतं की प्रत्यक्षात रस्त्यावर हे घडवणं कठीण आहे. मला संशोधकांची बाजू महत्त्वाची वाटते. जिथे यंत्राने विचारणं सोडून द्यायचं ठरवलं, तिथे किती रकमेपर्यंत न विचारायचं याची रेघ स्पष्ट आखलेली हवी. बसचं भाडं न विचारता जावं, हजार पौंड जाऊ नयेत.

दुसरी किंमत आठवणींची आहे. प्रत्येक टेकवणं नोंदलं जातं. कुठे चढलात, कुठे उतरलात, किती वाजता, याचा माग राहतो. रोख पैशाने काढलेल्या तिकिटाला हे माहीत नसायचं. आणि रोख पैसे देणाऱ्याला तर बसचं दारच बंद झालं. त्याला आधी कुठल्या तरी दुकानात जाऊन ऑयस्टर घ्यावं लागतं. लंडनच्या या व्यवस्थेचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

जपानने दुसरी वाट धरली, तिच्याबद्दल थोडक्यात, कारण आपली वाट तिच्या जवळची आहे. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचं सुइका कार्ड १८ नोव्हेंबर २००१ ला तोक्योत सुरू झालं. त्यात सोनीची फेलिका चिप आहे आणि पैसे चिपमध्येच असतात. गेट ते तिथल्या तिथे कापून घेतं, म्हणून ते लंडनपेक्षाही चपळ. रीडर कसा असावा हे शोधायला शुंजी यामानाका या डिझायनरने खऱ्या माणसांना गेटमधून चालायला लावून पाहिलं. लोक कार्ड कुठेही धरत होते. शेवटी रीडरला प्रवाशाच्या दिशेने साडेतेरा अंशांचा उतार दिला आणि प्रकाश दिला, तेव्हा हात आपोआप योग्य जागी पडू लागले. २०१६ च्या ऑक्टोबरात सुइका आयफोनमध्ये आणि ॲपलच्या घड्याळात गेलं. तेव्हापासून तिथलेही प्रवासी डावं मनगट उजवीकडे नेत असतात.

पैसे चिपमध्ये ठेवायचे की हिशोब मागच्या वहीत, हा या दोन पद्धतींतला मूळ फरक आहे. चिपमधले पैसे नेटवर्क नसलं तरी चालतात. वहीतला हिशोब मात्र दिवसभराचं एकत्र पाहू शकतो.

भारतात मनगट मागे राहिलं, याचं कारण आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर चिकटवलेला कागद आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं. वडापावच्या गाडीवाल्याला कार्डाचं मशीन घ्यायचं तर भाडं आणि वर कमिशन. क्यूआर कोडचा कागद जवळपास फुकट, आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. पैसे आले की शेजारची डबी मोठ्याने सांगते, म्हणजे कढईवरून नजर काढायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. कॅमेऱ्याने कोड टिपायचा असेल तर घड्याळ काय करणार? त्याला कॅमेरा नाही. टेकवायला समोर मशीन हवं आणि आपल्या बहुतेक गल्ल्यांवर ते नाही.

प्रयत्न झाले. टायटनने स्टेट बँकेबरोबर २०२० च्या सप्टेंबरात टायटन पे आणलं. दिसायला साधं काट्यांचं घड्याळ, चिप पट्ट्यात लपवलेली, चार्जिंगची कटकट नाही, किंमत साधारण तीन ते सहा हजार रुपये. मला ही कल्पना फार आवडली होती; आजोबांच्या मनगटाला शोभेल असं घड्याळ आणि तेच पाकीट. त्या वेळी पिन न टाकता टेकवून देण्याची मर्यादा दोन हजार रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ती पाच हजार झाली. कार्डाच्या खऱ्या नंबराऐवजी पर्यायी नंबर वापरण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये फोन आणि टॅबलेटना दिली होती, ऑगस्ट २०२१ मध्ये ती घड्याळांना आणि मनगटी पट्ट्यांनाही मिळाली. २०२४ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँक आणि नॉइज यांनी एनसीएमसी हे प्रवासाचं कार्ड (त्याबद्दल पुढे) असलेलं स्मार्टवॉच आणलं. गूगल वॉलेट २०२४ च्या मे महिन्यात भारतात आलं, पण टेकवून पैसे देण्याची सोय वगळून. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बहुतेक स्मार्टवॉचमध्ये त्यासाठी लागणारी चिपच नसते, हे विकत घेताना विचारून घ्यावं.

परदेशी निघालेल्यांसाठी एक सूचना इथेच. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमामुळे आपल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं, दोन्ही सुरुवातीला बंद असतात. मुंबईतूनच बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करून निघावं, आणि परकीय चलनाचं शुल्क किती ते पाहून घ्यावं.

एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, ४ मार्च २०१९ ला अहमदाबादमध्ये त्याचं उद्घाटन झालं. रुपे कार्ड, आणि चिपमध्ये दोन हजार रुपयांपर्यंतची पुंजी, जपानसारखी. देशभर एकच कार्ड चालावं, हा हेतू. पुणे मेट्रोचं वन पुणे कार्ड याच जातीचं. मुंबईत मेट्रो २अ आणि ७ साठी असं ‘मुंबई वन’ कार्ड जानेवारी २०२३ मध्ये आलं. यातली अडचण वापरणाऱ्याला लगेच कळते. फोनवरून पैसे भरले तरी ते चिपमध्ये आपोआप उतरत नाहीत, ते चिपवर चढवायला पुन्हा मशीनशी जावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ नावाचंच ॲप आलं, मेट्रो, लोकल, मोनो, बेस्ट आणि आसपासच्या महापालिकांच्या बसेस मिळून अकरा सेवांचं तिकीट त्यावर निघतं. मुंबईसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागे अनेक संस्थांना एका टेबलाशी बसवण्याचे कष्ट आहेत. पण तिकीट एक झालं, भाडं नाही. वेगवेगळ्या भाड्यांची बेरीज एका पडद्यावर दिसते. ती बेरीज कुठे थांबत नाही.

मुंबईला भाड्याच्या कमाल मर्यादेची कल्पना परकी नाही. लोकलचा मासिक पास हेच त्याचं रूप आहे. दुसऱ्या वर्गाच्या पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांएवढी. सव्वीस दिवस जाणं-येणं केलं तरी तेवढेच. २०१४ च्या जूनमध्ये रेल्वेने पास तीस फेऱ्यांच्या दराने द्यायचं ठरवलं, तेव्हा मुंबईत असा संताप उसळला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. या शहराचं अर्थकारण त्या पासावर उभं आहे.

पण तो पास आधी काढावा लागतो. आणि लोकलच्या दाराशी तो संपतो. मानखुर्दहून तीन घरची धुणीभांडी करायला निघणारी बाई घ्या. स्टेशनपर्यंत बस, मग लोकल, मग पुन्हा बस, दुपारी एका घराहून दुसऱ्या घरी तिसरी बस. पगार तीन घरांतून तीन तारखांना येतो. पहिल्या तारखेला पासाचे पैसे हातात नसले की ती रोजचं तिकीट काढते. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचे दहा रुपये झालं, तेव्हा तिच्या दिवसाचा बसखर्च दुप्पट झाला. बेस्टचा दिवसाचा पास आहे, पण तो सकाळी, पहिल्याच बसमध्ये ठरवून घ्यायला हवा. आज दोनच बस लागतील की पाच, हे तिला सकाळी माहीत नसतं; एका घरची मालकीण गावाला गेली, तर दुपारची बस वाचते.

हे माहीत नसण्याचं ओझं लंडनने प्रवाशाच्या डोक्यावरून काढून हिशोबाच्या वहीवर टाकलं. मुंबईत ते करायला अकरा संस्थांनी भाड्याचा महसूल कसा वाटून घ्यायचा हे ठरवावं लागेल, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालू शकतो. रेल्वे केंद्राची, मेट्रो मुख्यतः राज्य आणि केंद्राच्या कंपन्यांची, बस पालिकेची. म्हणून माझं म्हणणं असं आहे की सुरुवात बेस्टने एकटीने करावी. तिला कोणाशीही वाटणी करायची नाही. कंडक्टरच्या हातातल्या मशीनला कार्ड टेकवता येतं, कार्ड वापरणारे प्रवासी आहेत, दिवसाच्या पासाची किंमतही ठरलेली आहे. त्या किमतीएवढी तिकिटं एका कार्डावर झाली की पुढच्या तिकिटावर मशीनने शून्य छापायचं. बाईच्या हातात साधं कार्ड असलं तरी पुरे. ज्यांच्या मनगटावर घड्याळ आहे त्यांनी घड्याळ टेकवावं, त्यांनाही तोच दर लागेल. पैसे चिपमध्ये असले तरी दिवसाची बेरीज ठेवायला एनसीएमसीच्या चिपमध्ये वाहतूक संस्थेसाठी वेगळी जागा राखलेली असते. तिच्यात आजची तारीख आणि आजवर कापलेले रुपये, इतक्या दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतील.